भजनाच्या बैठकीत पहिल्यांदा बसताना

गौरी-गणपतीच्या दिवसांत हर्णे, पाजपंढरी, मुरुड, आंजर्ले या पट्ट्यात संध्याकाळची आरती आटोपली की कुठल्या ना कुठल्या घरात पेटी उघडते. अशा घरी बोलावणं लागत नाही. कोणीही यावं, सतरंजीवर जागा बघून बसावं, टाळ मिळाला तर घ्यावा, नाही तर टाळी धरावी. मुंबई-पुण्याहून आलेले चाकरमानी, क्लासला जाऊन तबला किंवा गिटार शिकलेली त्यांची मुलं, बदलीवर नव्याने आलेले शिक्षक, यांच्यापैकी पुष्कळांना तिथे नुसतं ऐकायचं नसतं, गाण्यात सामील व्हायचं असतं. पण सामील व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांना कोणी सांगत नाही, कारण सांगायला हवं असं गावातल्या माणसाला वाटतच नाही. तो ते लहानपणी मांडीवर बसून शिकलेला असतो. मग काही जण वर्षानुवर्षं भिंतीला टेकून बसून राहतात, आणि काही जण उत्साहाने पुढे सरकून असं गाणं सुरू करतात की मागच्यांना त्यात काही धरता येत नाही आणि बैठक थंडावते. दोन्ही टाळता येतं. माझं म्हणणं असं की भजनाची बैठक सगळ्यांना खुली राहते ती तिच्या पक्क्या साच्यामुळे. साचा ओळखला तर अनोळखी माणसालाही आत जागा मिळते, आणि तो ओळखण्याचा सरळ मार्ग आधी साथ करणं, मग गाणं, हा आहे.

अभंगाची रचनाच पाहा. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक जुळलेलं. एकूण 22 अक्षरं. शेवटचा चरण आखूड असल्यामुळे मोजदाद न करणाऱ्यालाही कडवं कुठे संपतं ते कानाने कळतं. गाथेच्या छापील प्रतींत दुसऱ्या कडव्यापुढे ‘ध्रु.’ अशी खूण असते. गाताना पुन्हा पुन्हा ज्यावर परतायचं ते ध्रुपद. शेवटच्या कडव्यात संताची नाममुद्रा येते. ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ कानावर पडलं की पखवाजवाला सावध होतो, कारण आता अभंग संपत आला, लय चढवायची की ठेवून द्यायची ते बुवाकडे बघून ठरवायचं असतं. भजनी ठेका आठ मात्रांचा. बैठकीचा क्रमही बहुतेक ठिकाणी ओळखीचा असतो: आधी नमन, मग रूपाचा अभंग, पुढे इतर अभंग, मध्ये गजर, गौळण, आणि शेवटी भैरवी. कडव्याचं माप, ध्रुपद, नाममुद्रा आणि ठेका एवढं ज्याच्या अंगात मुरलं, तो हर्णेचा असो की बार्शीचा, पूर्वी कधी न भेटलेल्या माणसांबरोबर पाच मिनिटांत गाऊ लागतो. आधी भेटून तालीम करावी लागत नाही, कारण निम्मी तालीम त्या रचनेनेच करून ठेवलेली असते.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात आफ्रिकी वंशाच्या लोकांनी घडवलेलं ब्लूज संगीत याच तत्त्वावर उभं आहे. त्याचा सर्वांत रूढ साचा चार-चार मात्रांच्या बारा आवर्तनांचा, म्हणजे 48 मात्रांचा. ओळी तीन: पहिली म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीत तिला उत्तर द्यायचं. खालचे स्वरमेळही तीनच, षड्ज, मध्यम आणि पंचम यांच्यावर बांधलेले, आणि कोणत्या आवर्तनात कोणता येणार हे ठरलेलं. डब्ल्यू. सी. हँडी यांनी 1912 साली ‘मेम्फिस ब्लूज’ छापून काढलं, पण साचा त्याआधीपासून तोंडोतोंडी चालत आला होता. या साच्यामुळेच तिकडच्या गावोगावच्या ठिकाणी खुल्या ब्लूजच्या रात्री भरू शकतात. नवखा वादक येतो, यादीत नाव घालतो, तिथल्या नेहमीच्या वादकांना पट्टी आणि लय सांगतो, आणि एकमेकांचं नावही माहीत नसलेले चौघे-पाच जण वाजवू लागतात. मुंबईत 2011 पासून मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव भरू लागला, तेव्हापासून आपल्याकडच्या तरुण गिटारवाल्यांनाही हा प्रकार ठाऊक आहे. त्या रात्रींचे अलिखित नियम ऐकले तर आपल्या भजनी मंडळातल्या जाणत्या माणसाचाच आवाज ऐकू येईल: गाणारा गात असताना मध्ये भरणा करू नका, त्याच्यापेक्षा मोठ्याने वाजवू नका, आपली पाळी आली की एक-दोन फेऱ्या घ्या आणि सोडून द्या. दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नाही, देव वेगळा, भाषा वेगळी, वाद्यं वेगळी. तरी शिस्त एकच निघते. म्हणजे ही शिस्त कोणा एका गावाच्या जुनाटपणातून आलेली नाही. अनोळखी माणसांना एकत्र गायचं असेल तर तिच्यावाचून चालत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: भजनात भाव महत्त्वाचा, मात्रा कसल्या मोजता? भाव महत्त्वाचा आहेच. पण वीस माणसांचा भाव एका वेळी प्रकट व्हायचा असेल तर त्यांना कुठे तरी एकत्र यावं लागतं, आणि ती जागा म्हणजे सम. ज्याचा आवाज बारीक आहे, ज्याला सुराची खात्री नाही, त्याला ठरलेला ठेका आणि ठरलेलं ध्रुपद आधार देतं. मोकाट गाण्यात फक्त तयार गळ्याचा माणूस टिकतो. अभंगाच्या सोप्या, पक्क्या मापात सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी, जनाबाई, सोयराबाई अशी नाना थरांतली माणसं आपलं म्हणणं मांडू शकली, हा त्याचा इतिहासातला पुरावा. अक्षरगणवृत्तांची विद्या ज्यांना मिळणं शक्य नव्हतं त्यांनाही हे माप कानाने शिकता आलं. अर्थात साचा खुला असला म्हणून समाज खुला होतोच असं नाही. चोखोबांचे अभंग सगळ्यांनी गायले, पण चोखोबांना देवळाबाहेरच उभं राहावं लागलं. म्हणून नवख्याने साचा शिकायचा, हे जितकं खरं तितकंच यजमानाने आणि बुवाने दाराशी घुटमळणाऱ्याला नावाने हाक मारून टाळ पुढे करायचा, हेही खरं. कोणाच्या वाडीतला, कोणाच्या जातीचा, देव मानतो की नाही, हे टाळ देताना विचारण्याचं कारण नाही.

आता प्रत्यक्ष तयारीकडे. सुरुवात गणपतीत करू नका. त्या दिवसांत मंडळांना एका घरातून दुसऱ्या घरी जायचं असतं, शिकवायला कोणाकडे वेळ नसतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि आषाढी एकादशीही बहुधा याच काळात येते. बंदरावरच्या गावात माणसं घरी सापडतात ती तेव्हा. या दिवसांत मंडळाचा सराव कुठे असतो ते विचारा आणि तिथे जाऊन बसा. वेळ मात्र आदल्या दिवशी पक्की करून घ्या. हर्णेसारख्या ठिकाणी दिवसाचं वेळापत्रक भरती-ओहोटी आणि लिलाव ठरवतात, शहरातलं घड्याळ नाही. दुसरी चांगली संधी म्हणजे नामसप्ताह. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जात राहते आणि पहारे वाटून दिलेले असतात. पहाटेच्या किंवा दुपारच्या पहाऱ्याला माणसं कमी पडतात. अशा अवघड वेळेचा पहारा मागून घ्या. तुम्हाला उभं राहून नाम घेण्यापलीकडे काही करावं लागणार नाही, पण शेजारी चाललेलं भजन तासन्‌तास कानावर पडेल, आणि मंडळींना तुमचा चेहरा ओळखीचा होईल.

टाळ हे नवख्याचं पहिलं वाद्य, आणि तेच सर्वांत कमी लेखलं जातं. पाच-सहा टाळ एका खोलीत चुकीचे वाजू लागले तर पखवाज ऐकू येत नाही, आणि पखवाज ऐकू आला नाही की बुवाची लय डळमळते. म्हणून पहिले काही दिवस आठ मात्रांपैकी फक्त पहिली आणि पाचवी, म्हणजे सम आणि खाली, एवढ्यावरच टाळ द्या. बाकीच्या मात्रा मनात मोजा. हात बसला की मधल्या मात्रा हलक्या भरा. आवाज किती ठेवायचा याची खूण अशी: तुमच्या टाळामुळे तुम्हालाच बुवाचे शब्द कळेनासे झाले तर तुम्ही जोरात वाजवताय. लय चुकली असं जाणवलं तर घाईने दुरुस्त करायला जाऊ नका. हात थांबवा, एक आवर्तन ऐका, समेवर परत या. थांबलेला टाळ कोणाच्या लक्षात येत नाही, चुकीचा टाळ सगळ्यांना टोचतो. गजरात लय चढत जाते तेव्हा हे विशेष सांभाळा. लय चढवायची ती बुवा आणि पखवाजवाला मिळून. मागच्यांनी पुढे पळायचं नाही. नवख्यांच्या हातून होणाऱ्या चुकांत ही सगळ्यांत जास्त आढळते, कारण लय चढली की अंगात उत्साह संचारतो आणि हात आपोआप पुढे जातो. नजर पखवाजवाल्याच्या हातावर ठेवली तर ही ओढ आवरते.

टाळ बसला की झील धरायला शिका. बुवा ओळ म्हणतो, मागचे ती उचलतात. झिलकऱ्याचं काम ती ओळ जशी आली तशी परत देणं. तुम्हाला शास्त्रीय संगीताची तालीम असली तर इथे मोह होतो, एखादी मुरकी घालावी, वरच्या स्वराला स्पर्श करावा असं वाटतं. तो मोह आवरा. बुवाला मागून तीच ओळ सरळ मिळाली तर त्याला पुढची फिरत घेता येते. प्रत्येक जण वेगवेगळी देऊ लागला तर परतायला त्याला जागाच उरत नाही. शब्द येत नसतील तर ओठ हलवत पुटपुटू नका. ध्रुपदापुरतं म्हणा, कडव्यांना गप्प राहा, आणि घरी जाऊन ते शब्द भजनाच्या वहीत उतरवून घ्या. वही हाताने लिहिलेली असावी असं मला वाटतं. मोबाइलवर शोधलेला पाठ आणि गावात रूढ असलेला पाठ यांत शब्दांचा फरक पडतो, आणि झील धरताना गावाचाच पाठ चालतो.

पट्टीचा प्रश्न इथेच येतो. अनेक बुवा बऱ्याच उंच पट्टीत गातात आणि नवख्याचा आवाज तिथे पोचत नाही. अशा वेळी ताणून ओरडण्यापेक्षा खालच्या सप्तकात झील धरा; स्वर तोच राहतो आणि एकत्र आवाज उलट भरदार होतो. बायकांची अडचण याहून वेगळी. पुरुषांची पट्टी साधारण पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास असेल तर ती बायकांना फार खाली पडते, कारण त्यांचा आवाज सामान्यतः काळी चार-पाचच्या बाजूला खुलतो. महिला भजनी मंडळं आता सगळीकडे आहेत आणि शिकायला ती उत्तम जागा आहे. पण मिश्र बैठकीत एखादी बाई गाणार असेल तर पेटीवाल्याने तिची पट्टी विचारून घ्यावी आणि पखवाजवाल्याला पुडी मिळवून घ्यायला दोन मिनिटं द्यावीत. तेवढी दोन मिनिटं बैठकीला जड होत नाहीत. ती दिली नाहीत तर त्या बाईचं गाणं पहिल्याच ओळीत पडतं आणि दोष मात्र तिच्या गळ्याला दिला जातो.

मग स्वतः एखादा अभंग म्हणण्याची वेळ येते. बहुधा बुवाच म्हणतो, आता तुम्ही घ्या. त्यासाठी एकच अभंग पूर्ण तयार ठेवा, पण तो खरोखर पूर्ण असू द्या: सगळी कडवी पाठ, चाल मागच्यांच्या ओळखीची, ध्रुपद पहिल्या फेरीतच स्पष्ट. सुरू करण्याआधी पट्टी सांगा. ‘काळी दोन’ एवढे दोन शब्द पुरतात. लय शब्दांत सांगता येत नसेल तर मांडीवर हाताने दाखवा. ध्रुपद दोनदा सावकाश म्हणा, म्हणजे मागचे ते उचलतील. त्यांनी उचललं याची खात्री झाल्यावरच कडव्याकडे जा. कडव्यातून परत ध्रुपदावर येताना पखवाजवाल्याकडे बघा. नाममुद्रेचं कडवं आलं की आवाज किंचित उचला, तीच समाप्तीची सूचना. चार-पाच कडवी, बेताची फिरत, आणि थांबा. रेकॉर्डवर ऐकलेला, भारी वाद्यवृंदाचा, आलाप-तानांचा अभंग पहिल्या वेळी घेऊ नका. तो स्टुडिओत एका गायकासाठी बांधलेला असतो, त्यात मागच्यांना जागाच ठेवलेली नसते. सिनेमाच्या चालीवरच्या गौळणींबद्दल जाणत्यांत मतभेद आहेत; माझ्या मते मागच्यांना चाल येत असेल आणि शब्दांचं वजन टिकत असेल तर हरकत नाही, पण सुरुवात पारंपरिक चालीने केलेली बरी.

गिटार किंवा कीबोर्ड घेऊन येणाऱ्या तरुणांना बरेचदा सांगितलं जातं की ही वाद्यं भजनात चालत नाहीत. हे मला पटत नाही, आणि याचं उत्तर बैठकीच्या मधोमध ठेवलेल्या पेटीतच आहे. पेटी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत म्हणून आकाशवाणीने 1940 साली तिच्यावर बंदी घातली आणि ती 1971 साली सैल केली. त्या मधल्या तीस वर्षांत गावोगावच्या भजनातली पेटी काही कोणी बंद केली नाही, कारण ती तिथे साथीला बसली होती, मागच्यांना स्वर देत होती, बुवाला श्वास घ्यायला अवकाश देत होती. परकं वाद्य आपलं होतं ते असं काम करून. म्हणून गिटार आणायचीच असेल तर आधी बुवाला विचारा. तारा पेटीशी मिळवा, गरज पडल्यास कॅपो लावा, आणि सुरुवातीला षड्ज-पंचमाचा भरणा तेवढा करा. स्वरमेळ बदलायची घाई नको; अभंगाची चाल रागाच्या अंगाने चाललेली असेल तर चुकीचा स्वरमेळ गाणाऱ्याला दुसऱ्याच स्वरावर ओढून नेतो. ज्याने ब्लूज वाजवलं आहे त्याला हे लवकर समजेल, कारण गाणाऱ्याच्या ओळींच्या मधली जागा कुठे असते आणि ती कधी मोकळी सोडायची, हे तो तिथेच शिकलेला असतो.

दुसरा आक्षेप महत्त्वाकांक्षी माणसाचा असतो: सगळ्यांनी साथच करायची तर गुणी माणसाने पुढे यायचं कसं? त्याला कोकणात स्पर्धेची व्यासपीठं भरपूर आहेत, असं उत्तर देता येईल. दक्षिणेकडे डबलबारी रंगते, तिथे दोन बुवा समोरासमोर बसतात. दापोली-गुहागरच्या अंगाला जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले सवाल-जवाब करतात. पण ही व्यासपीठं मुरलेल्या मंडळींची, महिनोन्‌महिने तालीम केलेल्या संचांची. तिथे ऐनवेळी जाऊन बसणाऱ्याला काही करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. या सामन्यांत जो बुवा टिकतो तो बहुधा घरगुती बैठकीत वर्षानुवर्षं झील धरून, पेटी धरून वर आलेला असतो. समोरच्याने टाकलेला सवाल झेलायचा तर आधी ऐकण्याची सवय लागते, आणि ती सवय एकट्याने रियाज करून लागत नाही. साथीमुळे गुण दबतो हे म्हणणं म्हणूनच मला टिकणारं वाटत नाही. गुण दबतो तो पाळी न दिल्यामुळे, आणि हा दोष बुवाच्या वागण्यातला आहे. ज्या बैठकीत एकच माणूस रात्रभर गातो, मागच्या पोरांना एकही अभंग मिळत नाही, त्या मंडळाला काही वर्षांत मागे बसायला माणसं मिळत नाहीत. चाकरमानी परत गेले की गावात उरलेल्यांवर मंडळ चालतं. त्यांच्यातल्या प्रत्येकाला हंगामात निदान एक अभंग मिळावा, हे बुवाने वहीत नावं लिहून पाहिलं तरी साधेल.

ध्वनिक्षेपकाबद्दल थोडं. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत ध्वनिक्षेपक वाजवायला मनाई करतात. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. घरगुती बैठकीने ती सवलत शोधत बसू नये. माइक नसला तर बुवाला मागच्यांचा आवाज ऐकू येतो, मागच्यांना पखवाज ऐकू येतो, आणि नवख्याला आपण कुठे चुकतो ते कळतं. माइक असला की एकाच गळ्याला तो मिळतो आणि बाकीचे श्रोते होऊन जातात. शिकणाऱ्याने शक्यतो दहानंतरच्या, बिनमाइकच्या बैठकीला बसावं.

तुमचा अभंग झाला की लगेच उठून बाहेर जाऊ नका. तोच टाळ पुन्हा हातात घ्या आणि पुढच्याची झील धरा. चहा-प्रसादाच्या वेळी पखवाजवाल्याला विचारा की सम कुठे सुटली. तो सांगेल, कारण त्याने ती सावरून घेतलेली असते. कोणती पट्टी झेपली, कोणतं कडवं अडलं, ध्रुपद मागच्यांनी कितव्या फेरीला उचललं, हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या घरी जाताना पेटी किंवा टाळांची पिशवी उचलायला हात लावा.